सोळा माणसांची सोंगणी

सोळा माणसं शेतात उतरली की सोंगणी एका दिवसात उरकते, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त डिपोटी साहेबांना, आणि माझं पुढचं शिक्षण नेमकं त्यांच्याच हातात होतं.

पुढे मी जन्मभर गणित शिकवलं. लग्नाकार्यात भेटलेली माणसं मला हटकून विचारतात, "बाई, त्या गणिताचा जगण्यात उपयोग काय हो?" हा प्रश्न विचारणारा बहुधा गणितात नापास झालेला असतो आणि त्याचा त्याला अभिमान असतो. मला राग येतो. पण तो गिळून मी मनातल्या मनात आमच्या शेताच्या बांधावर जाऊन उभी राहते. कारण त्या प्रश्नाशी माझी गाठ मी दहा-अकरा वर्षांची असतानाच पडली होती, आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता सुटलेला नाही.

आमचं गाव बेलापूरपासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर. नदीकडच्या रानांत ऊस, पण आमचं रान उंचवट्यावरचं, कोरडवाहू. थंडीत ज्वारी डोलायची आणि फाल्गुनात ती कापायची, म्हणजे सोंगायची. पीक एकदम तयार होतं आणि घरची माणसं चार; ती कापून कापून किती कापणार? म्हणून इर्जिक. ज्याचं पीक आधी तयार, त्याच्या शेतात सगळ्यांनी मिळून जायचं. मजुरी नाही, उसनवारीची बोलणी नाहीत. ज्याचं शेत त्यानं संध्याकाळी पोटभर जेवू घालायचं. आज तुझ्याकडं, उद्या त्याच्याकडं.

इर्जिकेला मजूर कामाला जातो तशी माणसं जात नसत. जत्रेला निघाल्यासारखी जात. एका ओळीत उभी राहून प्रत्येकजण आपली पात धरायचा, म्हणजे पिकाची आपल्या वाट्याची पट्टी. मग एकजण भलरी सुरू करायचा. एकानं ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि त्या ठेक्यावर विळे चालायचे. मागं पडेल त्याची अशी टिंगल व्हायची की तो पुन्हा मागं पडत नसे. दिवस मावळायला शेत रिकामं. शेवटची पात सगळ्यांनी मिळून कापायची आणि मोठ्यानं आरोळी ठोकायची. ती आरोळी ऐकली की आई घरी पुरणाच्या पोळ्यांचा तवा चुलीवर ठेवायची. इर्जिक दुसऱ्या दिवसावर गेली, असं मी कधी ऐकलं नव्हतं.

आमची शाळा गावाबाहेरच्या धर्मशाळेच्या पडवीत भरायची. चौथीपर्यंत, एकच शिक्षक. गुरुजी नगरचे. अंगानं काडी, आवाज मात्र असा की पाढे सुरू झाले की समोरच्या पाणवठ्यावरची म्हैस मान वर करायची. आम्हांला बेपासून तिसापर्यंत पाढे, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी. हे सगळं संध्याकाळी एका सुरात, शाळा सुटायच्या आधी. एकोणतिसाच्या पाढ्याशी निम्मी पोरं नुसती ओठ हलवायची. गुरुजींना ते कळायचं आणि आपल्याला कळतं हे ते कळू द्यायचे नाहीत. मला पाढे आवडायचे. घरी जात्यावर आईसोबत बसले की मी औटकी म्हणायचे, आणि आई म्हणायची, "ओवी म्हन की गं एखांदी, काय साडेतीन साडेतीन लावलंय."

मला चौथीच्या पुढं शिकायचं होतं. त्यासाठी बेलापूरला मावशीकडं राहावं लागणार होतं. गावातली एकही मुलगी तोवर चौथीच्या पुढं गेलेली नव्हती. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणत असू, अगदीच आडमुठे नव्हते. बरेच दिवस हुं-हुं केल्यावर त्यांनी एकदा बैल सोडता सोडता सांगून टाकलं, "डिपोटीनं पास केली तर पाठवीन. न्हाई तर पुरं झालं. आईच्या हाताखाली लाग." दादा एकदा बोलले की तो शब्द दगडावरची रेघ. त्यामुळे मला आनंदही झाला आणि धडकीही भरली.

डिपोटी साहेब म्हणजे शाळा तपासायला येणारे अधिकारी. ते बैलांच्या दमणीतून आले. डोक्याला रुमाल, अंगात कोट, आणि धुळीनं भुवया पांढऱ्या. वाचन झालं, कविता झाल्या. मग त्यांनी मला उभं केलं आणि तोंडी हिशोब घातला. "आठ माणसं एका शेताची कापणी सहा दिवसांत करतात. तर सोळा माणसं तीच कापणी किती दिवसांत करतील?"

मला आनंदच झाला. इतकं सोपं! मी ताठ उभी राहून म्हटलं, "एका दिसात."

साहेबांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी माझ्या शेजारच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "व्हय, एकाच दिसात." त्यांनी सगळ्या वर्गाला विचारलं आणि सगळा वर्ग एका सुरात "एका दिसात!" म्हणून मोकळा झाला. आमच्या गुरुजींनी कपाळाला हात लावला नाही एवढंच. त्यांचा चेहरा मात्र मला अजून दिसतो.

"का गं?" गुरुजींनी विचारलं. "एका दिवसात कशी?"

"सोळा मानसं म्हंजी इर्जिक न्हाई का गुरुजी? इर्जिक दुसऱ्या दिसावर जाती व्हय?"

साहेबांनी गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी साहेबांकडं. त्या दोघांनाही इर्जिक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. गुरुजी त्याच वर्षी गावात आले होते. साहेब म्हणाले, "त्रैराशिक कच्चं आहे. मी जेवून येतो. मग पुन्हा विचारीन." ते माणूस म्हणून वाईट नव्हते. मला एकच वाटलं, की बेलापूर गेलं.

गुरुजींनी मला लिंबाखाली नेलं. मला वाटलं आता छडी. पण ते मुळीवर बसले, तपकीर ओढली आणि म्हणाले, "आधी मला तुझी ती इर्जिक सांग." मी सांगितली. भलरी सांगितली, आरोळी सांगितली, पोळ्या सांगितल्या. ते अगदी मन लावून ऐकत होते.

"हे बघ," मग ते म्हणाले, "तुझी माणसं खरी आहेत. साहेबांची माणसं गणितातली आहेत. ती वेगळी असतात."

"येगळी म्हंजी?"

"ती गाणं म्हणत नाहीत."

"आन् बोलत्यात का?"

"नाही. थट्टामस्करी नाही, तंबाखू नाही, पाणी प्यायला थांबणं नाही. एक जण जेवढं कापतो तेवढंच दुसरा. सकाळी जेवढं, तेवढंच संध्याकाळी. पहिल्या दिवशी जेवढं, तेवढंच सहाव्या दिवशी."

"त्यात एखांदी लेकुरवाळी आसंल तर?"

"तिला लेकरू नाही."

"मंग त्यांचं घर कुठं हाय?"

"घर नाही. नावंसुद्धा नाहीत. नुसता आठ हा आकडा आहे."

मला एकदम रडूच आलं. असल्या माणसांना कुणी शेतात आणलं, आणि संध्याकाळी त्यांना जेवायला कोण वाढत असेल, असं काहीबाही मनात आलं. गुरुजी गडबडले. म्हणाले, "अगं, रडतेस काय! ती तशी आहेत म्हणूनच कामाची आहेत. तुझ्या इर्जिकेचं उत्तर तुझ्या गावापुरतं. उद्या नगरला कुणी विचारलं, तर तिथं इर्जिक कुठून आणणार? ह्या माणसांचं उत्तर मात्र कुठंही चालतं. ज्याचं गावात कुणी नाही, तो कुठल्याही गावात जाऊ शकतो की नाही?"

पुढे मी गणिताची जाडजाड पुस्तकं वाचली. त्यांतल्या एकाही पुस्तकानं मला हे इतकं सोपं करून सांगितलं नाही. खऱ्या गोष्टीतून काय काय सोडून दिलं की ती गणितात मावते, आणि ती तशी मावली की मग कुठंकुठं जाते, हे मला त्या लिंबाखाली कळलं. जे सोडून दिलं त्याच्यासाठी रडूही तिथंच आलं.

साहेब जेवून आले. मी उभी राहिले आणि म्हटलं, "तीन दिवस." साहेब म्हणाले, "शाबास. कसे?" मी सांगितलं, "मानसं दुप्पट, तर दिवस निम्मे. कारन ती मानसं एकमेकांशी बोलत न्हाईत." साहेबांना शेवटचं कळलं नसावं. पण त्यांनी मला पास केलं.

मी उड्या मारत घरी आले. दादा गोठ्यापुढं बसून जुना दोर वळत होते. "पास!" म्हणून मी ओरडले. त्यांना आनंद झाला, तो त्यांच्या मिशीतनं दिसलाच. "काय इचारलं सायबानं?" त्यांनी विचारलं. मी हौसेनं सगळं सांगितलं. आठ माणसं, सहा दिवस. सोळा माणसं, तीन दिवस.

दादांच्या हातातला दोर थांबला.

"सोळा जनांनी तीन दिस?" ते म्हणाले. "झोपली हुती का काय तिथं?"

त्या गणितातल्या माणसांना घर नसतं, गाणं नसतं, असं मी सांगायला लागले, पण त्यांनी हातानंच थांबवलं. "अगं, हाताची पाची बोटं तरी सारकी असत्यात का? सोळा मानसं सारकी कुठनं आनली मास्तरनं? चार वर्सं शाळंत घातली, तर जे ठावं हुतं तेबी इसारली पोरगी." आणि मग दोराला पीळ देत म्हणाले, "सोंगनी हू दे. मंग बघू."

आमच्या घरात "मंग बघू" म्हणजे "नाही." आईनंही माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा चुलीकडं पाहिलं. सकाळी खरं उत्तर दिलं म्हणून साहेबानं हटकलं, संध्याकाळी साहेबाचं उत्तर दिलं म्हणून दादांनी. मी रागानं जेवलेच नाही. कुणी आग्रहही केला नाही, म्हणून आणखी राग आला.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, "तुमची इर्जिक कधी आहे? मला बघायची आहे."

ती चार दिवसांनी होती. एरवी दादा फार सांगत नसत. एकदा पारावर बोलले की माणसं हजर. पण ते लढाईचं वर्ष होतं. गावातले काही तरणे गडी नगरला जाऊन लष्करात भरती झाले होते. काही साखर कारखान्यावर लागले होते, तिथं रोजच्या रोज मजुरी मिळायची. हे सगळं आम्हांला माहीत होतं, रोज दिसत होतं, पण इर्जिकेच्या दिवशी शेतात माणसं उभी राहीपर्यंत ते कुणी एकत्र करून पाहिलं नव्हतं. दादांनी आईला सोळा-सतरा माणसांच्या पोळ्यांची डाळ भिजवायला लावली होती. आई रांधायला घरी राहिली आणि सकाळी शेतात घरची तीन धरून माणसं आली आठ.

आणि नववे आमचे गुरुजी. धोतर वर खोचून, दुसऱ्याचा विळा घेऊन. त्यांना मोजण्यात अर्थ नव्हता. पहिल्या घटकेतच त्यांनी बोट कापून घेतलं आणि त्यावर चिंधी बांधून ते पेंढ्या उचलायला लागले.

दादा म्हणाले, "काय न्हाई, इर्जिक हाय. दिस मावळायच्या आत उरकंल." सगळे ओळीत उभे राहिले. पण भलरी सांगणारा गडी त्या लष्करात गेलेल्यांत होता. एका म्हाताऱ्यानं सुरुवात केली. ओळ उचलायला आवाज पुरेनात. दोन कडवी झाली आणि गाणं आपोआप थांबलं. मग नुसते विळ्यांचे आवाज. मी पेंढ्या बांधता बांधता मान वर करून पाहिलं. ही माणसं बोलत नव्हती.

गुरुजींच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांनी एकाएकी आपल्या त्या आवाजात पाढा सुरू केला. "बे एके बे!" बायका फिसकन हसल्या. "बे दुणे चार!" मी मागनं उचललं. मग एक बाई, मग दुसरी. थोडा वेळ आमच्या शेतात बे, तीन आणि चारच्या पाढ्यांवर सोंगणी झाली. विळे पुन्हा ठेक्यात आले. पण पाढा तो पाढा. त्यात ना दीर-भावजयीची थट्टा, ना सासरचं गाऱ्हाणं. सातापर्यंत कसाबसा टिकला आणि तोही विझला.

दुपारी भाकरी खायला बसलो. शेताच्या मध्यावर एक बोरीचं झाड होतं. आमचं कापणं बांधापासून त्या बोरीपर्यंतच्या निम्म्या वाटेवर आलं होतं. मला राहवलं नाही. मी दादांना हळूच म्हटलं, "दादा, आज न्हाई उरकायचं. सांजच्याला आपुन बोरीपाशी येऊ. निम्मंच."

"गप," दादा म्हणाले. "जेवल्यावर इर्जिक अंगात येती."

खरं होतं ते. दरवर्षी जेवणानंतर इर्जिक अंगात यायची. मला मनापासून वाटत होतं की माझं गणित चुकावं. मी देवालाही तसं सांगितलं. दादांनी दुपारभर मान वर केली नाही. एकटे दोन पाती धरून ते कापत होते. तरी उन्हं उतरली तेव्हा आम्ही बोरीपाशी होतो. पलीकडं निम्मं शेत उभं होतं, वाऱ्यानं सळसळत.

कुणी आरोळी ठोकली नाही. दुसऱ्या दिवशी त्या माणसांना दुसऱ्याच्या शेतात जायचं होतं, तसं ठरलेलं होतं. ती हातपाय धुऊन आमच्याकडं जेवायला आली. आईच्या पोळ्या निम्म्या उरल्या. इतक्या उरलेल्या पोळ्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. पाहुणे गेल्यावर दादा ओट्यावर बसले. गुरुजी तिथंच होते. मला भीती वाटत होती की दादा आता मला किंवा गुरुजींना काहीतरी टाकून बोलतील.

"ये इकडं," दादा म्हणाले. "निम्मं ऱ्हायलंय. आता आपुन घरचीच चार. किती दिस?"

"दोन," मी म्हटलं. आणि उगाच पुढं म्हटलं, "कुनी गानं म्हनलं तर कमी."

"कोन म्हननार?" दादा म्हणाले.

दोन दिवस लागले. आम्ही चौघं कापत होतो. दादा, आई, चुलते आणि थोरला भाऊ. मी मागनं पेंढ्या बांधत होते. कुणीही काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी दिवस मावळताना शेवटची पात दादांनी एकट्यानं कापली, विळा धोतराला पुसला आणि माझ्याकडं न पाहता म्हणाले, "मास्तरनं सांगितलेली ती मानसं. घर न्हाई, गानं न्हाई ती. आता तीच येनार हायेत गावात. त्यांचा हिशोब येनारं घरात कुनीतरी पायजेल." मग म्हणाले, "जा बेलापूरला."

मला जे हवं होतं ते मिळालं. मी आनंदानं नाचायला हवं होतं. मी शेताच्या मधोमध उभी राहून त्या बोरीकडं बघत राहिले आणि मला कळेना की आपल्याला इतकं वाईट का वाटतंय.

मी बेलापूरला गेले, सातवी झाले, ट्रेनिंग केलं, मास्तरीण झाले. आमच्या गावात त्यानंतरही काही वर्षं इर्जिका झाल्या. कधी दहा माणसांच्या, कधी सहाच्या. मग मजूर यायला लागले. चांगली, कष्टाळू माणसं असायची ती, लांबून आलेली. सकाळी येत, संध्याकाळी जात. शेताच्या मालकाला त्यांची नावं ठाऊक नसायची. माझा थोरला भाऊ मला विचारायचा, इतकी माणसं लावली तर किती दिवस लागतील? मी सांगायचे, आणि माझं उत्तर दरवेळी बरोबर यायचं. दादा म्हातारपणी ओट्यावर बसून ते ऐकायचे आणि दोराला पीळ देत राहायचे.

शाळेत मी दरवर्षी तोच हिशोब घालत आले. आठ माणसं, सहा दिवस. सोळा माणसं किती दिवस? आकडे बदलता आले असते, पण मी कधी बदलले नाहीत. शेतकऱ्यांची पोरं असायची वर्गात, बांधावर वाढलेली. प्रश्न घालून मी खिडकीपाशी जाऊन उभी राहायचे. एखादं तरी पोर ताठ उभं राहून "एका दिसात" म्हणेल, आणि मी त्याला बाहेर झाडाखाली नेऊन आधी त्याची गोष्ट ऐकून घेईन, असं मनात असायचं.

पोरं पाटीवर मान घालायची आणि लगेच हात वर करायची. तीन दिवस, बाई. सगळ्यांचं बरोबर असायचं.